जामीन राहा, विठ्ठला

पांडुरंगा, झोप येत नाही.

खुंटीला पिशवी अडकवली आहे. तीत सात-बाराचा उतारा आहे, घरपट्टीची पावती आहे, आधार कार्डाची झेरॉक्स आहे, रेशन कार्ड आहे, दोन फोटो आहेत. चार वेळा उठून पाहिलं, सगळं जागच्या जागी आहे. तरी पाचव्यांदा उठावंसं वाटतं. कागद कमी पडतील अशी भीती नाही. मी कमी पडेन, ही भीती आहे.

उद्या अकरा वाजता मला एका पोराला जामीन राहायचं आहे. पोर एकोणीस वर्षांचं. माझ्या नात्यातलं नाही, गावातलं नाही, जातीतलं नाही. पारध्याचं आहे. आणि देवा, त्याच कोर्टात एकतीस वर्षं मी बेंच क्लार्क होतो. या एकतीस वर्षांत मी कुणालाही जामीन राहिलो नाही.

माझं ऐकून घे. तुझ्यापुढे उभं राहायला ना वकील लागतो ना स्टॅम्प. म्हणून तर आलो.

विठ्ठला, मी तारखा लिहिल्या. साक्षीदार गैरहजर, पुढील तारीख. गार्ड नाही म्हणून आरोपीला जेलमधून आणलं नाही, पुढील तारीख. साहेब रजेवर, पुढील तारीख. माझं अक्षर चांगलं होतं, रोजनामा कधी खाडाखोडीचा नसायचा, त्याचा मला अभिमान होता. मी चौदा दिवसांनंतरची तारीख टाकली की कुणाच्या तरी चौदा रात्री बराकीत जायच्या. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. ठाऊक होतं. ठाऊक असूनही शाई वाळायच्या आत मी पुढची फाइल उघडायचो.

लिहिणाऱ्या हाताला क्षमा कर.

न विचारणाऱ्या तोंडाला क्षमा कर.

माझ्या टेबलाशेजारची भिंत तुला आठवत असेल. तू सगळीकडे असतोस, तिथेही असशील. अंगठा उठवून झाला की शाई पुसायला माणसं आसपास काहीतरी शोधायची. काही मिळालं नाही की भिंतीला बोट घासायची. कमरेच्या उंचीवर निळ्या-काळ्या डागांचा पट्टाच झाला होता. दर दोन-चार वर्षांनी चुना मारला जायचा. महिन्याभरात डाग पुन्हा उमटायचे. मला त्या भिंतीची किळस यायची. आज वाटतं, माझ्या सुंदर अक्षरातल्या रोजनाम्यापेक्षा त्या भिंतीवर जास्त खरं लिहिलेलं होतं.

त्या भिंतीपाशी एक बाई यायची. पंधरा-सोळा वर्षं झाली. तिच्या नवऱ्याला दरोड्याच्या तयारीच्या गुन्ह्यात धरलं होतं. पाच इसम अंधारात दबा धरून बसलेले मिळाले, जवळ दोरी, मिरचीपूड आणि कोयता. हे वाक्य मी इतक्या फायलींत वाचलं होतं की नावं झाकली तर कुठली फाइल ते सांगता आलं नसतं. जामीन मंजूर झाला होता, पंधरा हजारांचा, एक सक्षम जामीनदार. तिच्याकडे जमीन नव्हती, घर नव्हतं, घराला नंबर नव्हता. सात-बारा असलेला कोण पारध्याला जामीन राहणार? कडुनिंबाखाली पोराला मांडीवर घेऊन ती सकाळपासून बसायची. एकदा धीर करून टेबलापाशी आली. म्हणाली, “सायेब, पैकं भरलं तर न्हाई का चालायचं? जुळवते म्या कुठनं तरी.”

देवा, मला उत्तर येत होतं. जामीनदार नसेल तर कोर्टाच्या परवानगीनं रोख रक्कम भरता येते. रक्कम कमी करून मागता येते. नुसत्या जातमुचलक्यावर सोडा असा अर्ज करता येतो. एका वाक्याचं काम होतं. दोन वाजत आले होते, डबा उघडायचा होता. मी म्हणालो, “वकिलाला विचार.” तिनं मान हलवली. मागच्या तारखेला कुठल्याशा कागदावर उठवलेल्या अंगठ्याची शाई तिच्या नखात अजून होती. तिनं ती केसांना पुसली आणि ती गेली.

तो माणूस चौदा महिने आत राहिला. मग पंच फितूर झाले, पुरावा टिकला नाही, निर्दोष सुटला. ‘निर्दोष मुक्तता’ हे दोन शब्द मीच रजिस्टरात लिहिले. चौदा महिन्यांसाठी त्या रजिस्टरात रकाना नव्हता.

तुझ्या रजिस्टरात असेल ना? असू दे. माझ्या नावासमोर असू दे.

मायबापा, पारध्यांवरचा हा आळ आजचा नाही. १८७१ साली गोऱ्या सरकारनं कायदा केला, की काही जमाती जन्मानंच गुन्हेगार आहेत. पाळण्यातलं पोर गुन्हेगार. दळण दळणारी बाई गुन्हेगार. १९११ साली तो कायदा आमच्या मुंबई इलाख्यापर्यंत पोचला. मग नावनोंदणी आली, बोटांचे ठसे आले, गाव सोडायचं तर पास आला, रोजची हजेरी आली. सोलापुरात तारेच्या कुंपणात माणसांची सेटलमेंट वसली. पारधी, कैकाडी, रामोशी, बेरड, वडार, कंजारभाट, भामटा, छप्परबंद. त्यांच्यात चोर नव्हते असं मी तुला सांगत नाही, तुला खोटं सांगून काय मिळणार? पण चोर कुठल्या जातीत नाहीत? बाकीच्यांच्या चोराला चोर म्हणतात. यांच्या लेकराला बारशाआधीच चोर म्हटलं गेलं.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा देशभरातून गेला. त्या दिवसाला हे लोक विमुक्त दिन म्हणतात. तुझे आभार मानायचे तर त्या दिवसाचे मानतो. पण देवा, कायदा पुस्तकातून जातो आणि पोलीस ठाण्याच्या फळ्यावर राहतो. फळ्यावरून जातो आणि आमच्या जिभेवर राहतो. पुढे ‘सराईत गुन्हेगार’ हा शब्द आला. शब्द नवा होता, माणसं तीच होती.

तुला तरी हे वेगळं काय सांगायचं? आळ म्हणजे काय हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे?

तुझ्याच गळ्यातला हार चोख्याच्या गळ्यात सापडला आणि त्याला बैलांना बांधून ओढायचं ठरलं. तुझंच पदक जनीच्या झोपडीत सापडलं आणि तिच्यासाठी सूळ उभा राहिला. पदक तू विसरला होतास, जनीची वाकळ पांघरून आला होतास. कुणी तुला विचारलं नाही. चोख्याला विचारलं नाही, जनीला विचारलं नाही. एकाची जात बघितली, दुसरीचं दासीपण बघितलं, तेवढा पुरावा पुरला. तुझ्या देवळात, तुझ्या डोळ्यांदेखत हे झालं. तेव्हा बैल जागचे हलले नाहीत. सुळाचं पाणी झालं.

अजून बैल जुंपलेले आहेत, विठ्ठला. अजून सूळ उभे आहेत.

आणि आता जे सांगायला इतका वेळ घेतला ते सांगतो.

माझी थोरली बहीण मळ्यात राहायची. एका रात्री दार फोडून माणसं आत शिरली. दाजींच्या डोक्यात काठी घातली. ताईच्या कानातली कुडी ओढून घेतली, कानाची पाळी फाटली. सकाळी मी पोचलो तेव्हा ती ओट्यावर बसून होती, कानाला पदर दाबून, आणि एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, “मी देत होते रे, मी काढून देत होते.” पुढे कितीतरी वर्षं अंधार पडला की ती सगळ्या कड्या दोनदा तपासायची. ती गेली तेव्हाही उशाशी विजेरी होती.

पंचनाम्याला पोलीस आले. फौजदारांनी विचारलं, कुणावर संशय? ताई गप्प. दाजी शुद्धीवर नव्हते. आणि मी बोललो. मी, ज्यानं काही पाहिलं नव्हतं, जो त्या रात्री चाळीस किलोमीटरवर आपल्या घरी झोपला होता. मी म्हणालो, “माळावर पालं पडलीत की. त्यांच्याशिवाय कोण?”

त्यांच्याशिवाय कोण. एवढंच.

दुपारपर्यंत पालं उठली होती. तीन पुरुष गाडीत होते. चुलीवर कालवण तसंच होतं, मी जाताना पाहिलं. पुढे काय झालं ते मी विचारलं नाही. कोर्टात काम करणाऱ्याला विचारणं काय अवघड होतं? मी विचारलं नाही. ते तिघेच होते की दुसरे कुणी होते, आजही मला माहीत नाही. ताईची कुडी मिळाली नाही एवढं माहीत आहे.

त्या वाक्याचा आरोपी मी आहे. साक्षीदारही मीच आहे. गुन्हा कबूल आहे.

देवा, ताईला शांत झोप दे, जिथे असेल तिथे. माझी प्रार्थना तिच्या फाटलेल्या कानाला विसरणारी नसू दे. ज्यांच्या घरात चोर शिरला, ज्यांचं माणूस मारलं गेलं, ज्या बाईवर हात पडला, त्यांच्या भीतीला कुणी हलकं लेखू नये. मीही लेखत नाही. पण त्यांच्या दुःखाच्या नावाखाली जो हाताशी सापडला त्याला उचलावा, हा कुठला न्याय? निरपराध आत गेला की गुन्हेगार घरी निवांत जेवतो. एका अन्यायाचे दोन होतात, आणि ताईच्या कड्या तशाच राहतात.

२००३ साली आपल्याच राज्यात एका मळ्यातल्या झोपडीत दरोडेखोर शिरले. एका घरातली पाच माणसं मारली, बायकांवर अत्याचार केले. त्या घराचं दुःख तूच जाणोस, मला ते उच्चारायचीही हिंमत नाही. त्यासाठी भटक्या जमातीतले सहा गरीब मजूर धरले गेले. २००९ साली सर्वोच्च न्यायालयानं सहाही जणांना फाशीची शिक्षा ठरवली. दहा वर्षांनी, ५ मार्च २०१९ रोजी, त्याच न्यायालयानं त्या सहाही जणांना निर्दोष ठरवलं. एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. वाचलेल्या साक्षीदार बाईनं सुरुवातीलाच पोलिसांच्या फोटोंतून वेगळ्याच चौघांकडे बोट दाखवलं होतं, आणि त्या चौघांचा तपासच झाला नव्हता. न्यायालयानं लिहिलं की हे भटक्या जमातीचे, अगदी गरीब लोक, त्यांना खोटं गुंतवलं गेल्याची शक्यता नाकारता येत नाही. प्रत्येकाला ५ लाख रुपये द्या, म्हटलं. सोळा वर्षं आत गेली होती.

तो निकाल मी वाचला त्या रात्री जेवलो नाही. सारखं वाटत होतं, कुठल्यातरी ओट्यावर, कुठल्यातरी सकाळी, माझ्यासारखंच कुणीतरी म्हणालं असेल.

त्या पाच जणांना न्याय दे. त्या सहा जणांना उरलेलं आयुष्य दे. दोन्ही मागणी एकाच तोंडानं करतो, दोन्ही ऐक.

तुझे आभारही मानायचे आहेत, पांडुरंगा. तक्रार करून उठून जाणारा मी नव्हे.

त्या न्यायमूर्तींसाठी आभार, कृष्ण अय्यर यांच्यासाठी, ज्यांनी १९७८ साली एका गवंड्याची कैफियत ऐकली. त्याच्या भावाला जामीनदार म्हणून नाकारलं होतं, कारण भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात होती. गरिबाकडून हजारो रुपयांचा जामीन मागणं म्हणजे त्याला जामीन नाकारणंच, हे त्यांनी ओळखलं. ३१ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की जामीन मिळूनही महिन्याभरात कुणी सुटला नाही तर कोर्टानं स्वतःहून अटी सैल करायचा विचार करावा, आणि स्थानिकच जामीनदार हवा असा हट्ट धरू नये. त्या आदेशासाठी आभार. गरीब कैद्याच्या जामिनासाठी सरकार ४०,००० रुपयांपर्यंत भरेल, अशी योजना २०२३ साली आली. ती ज्याच्या डोक्यात आली त्याच्यासाठी आभार. ३ ऑक्टोबर २०२४ या दिवसासाठी आभार. एका पत्रकार बाईच्या अर्जावर त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की तुरुंगात जात बघून झाडू आणि जात बघून स्वयंपाक देणं घटनेत बसत नाही, विमुक्तांना जन्माचे सराईत मानणाऱ्या ओळी नियमांतून काढा, कैद्यांच्या रजिस्टरातला जातीचा रकाना काढून टाका. तो रकाना काढायला आम्हाला इतकी वर्षं लागली, याची लाज. निघाला, याचे आभार.

पण देवा, हे सगळं वरून निघतं आणि खाली येता येता आटतं. पाटाचं पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचत नाही, तसं.

२०२२ च्या अखेरीला देशाच्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती. त्यांतली ४,३४,३०२ कच्चे कैदी. म्हणजे शंभरातल्या जवळजवळ शहात्तरांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नव्हता. त्यांत जास्त करून कोण होते, ते तुला सांगायला नको. दलित, आदिवासी, मागासलेले, भटके, गरीब. मला आकडा दिसतो, तुला तोंडं दिसत असतील. प्रत्येकाचं एक कडुनिंबाचं झाड दिसत असेल, खाली बसलेली बाई दिसत असेल.

१ जुलै २०२४ पासून नवा कायदा आला. पूर्वी कुठल्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्यानं जास्तीत जास्त शिक्षेच्या एक तृतीयांश काळ काढला की त्याला सोडावं, असं त्यात लिहिलं आहे. जन्मठेप-फाशीचे गुन्हे सोडून. वाचून मी हात जोडले. मग पुढचं पोटकलम वाचलं. एकाहून अधिक खटले चालू असतील तर ही सवलत नाही. माझे जोडलेले हात सुटले. पारध्याच्या पोरावर एकच केस कधी असते, देवा? एक घडली की जुन्या चार उकरून चिकटवतात. संशयातून केस होते, केसेसवरून सराईत ठरतो, सराईत म्हणून पुन्हा संशय. गोल रिंगण आहे. तुझ्या वारीतल्या रिंगणात घोडा धावतो तेव्हा लोक त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात. या रिंगणात माणूस धावतो.

हे रिंगण तोड.

शेवटच्या वाफ्यापर्यंत पाणी ने.

आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरला मी एकदा गेलो होतो. औंधच्या राजानं वसवलेली कैद्यांची ती उघडी वसाहत. भिंत नाही, तार नाही. शिक्षा झालेली माणसं बायकोपोरांसह राहतात, शेत कसतात. शांतारामबापूंनी ‘दो आँखें बारह हाथ’ काढला तो तिथल्याच प्रयोगावरून. एक जण मेथीला पाणी देत होता. मला बघून त्यानं हात धुतले आणि जुडी पुढे केली. काय गुन्हा केलास हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. तू ते गिळायला लावलंस, त्याचे आभार. विश्वास टाकला तर माणूस पळतोच असं नाही. विश्वास टाकला तर कधी कधी तो मेथी लावतो.

मग एकोणीस वर्षांचं पोर जुन्या खोडांच्या बराकीत का ठेवायचं? आत जाताना ते घाबरलेलं असतं. बाहेर येताना काय शिकून येईल, याची ज्याला भीती वाटत नाही त्याला माझ्या ताईची काळजी नाही.

परवा लोकअभिरक्षक कार्यालयातल्या वकीलबाईंचा फोन आला. माझ्या मुलीच्या वयाच्या. म्हणाल्या, “काका, पोराला जामीन होऊन सव्वीस दिवस झाले. वीस हजारांचा आहे. जामीनदार मिळेना. अटी सैल करायचा अर्ज लिहितेय, त्यालाही तारीख पडेल. तुम्ही कुणाला ओळखता का, ज्यांच्या नावावर जमीन आहे?”

मी ओळखतो. माझ्याच नावावर पावणेदोन एकर आहे.

जामीनदाराला कोर्ट विचारतं, आरोपीला ओळखता का? एकतीस वर्षं मी भाड्याच्या जामीनदारांना “होय साहेब” म्हणताना पाहिलं. मला तसं म्हणायचं नव्हतं. म्हणून काल मी त्यांच्या वस्तीवर गेलो. गायरानाच्या पलीकडे. पांढरा शर्ट बघून पोरं पळाली, एक बाप्या उसात शिरला. त्यांना मी पोलीस वाटलो. नव्हतोच का मी इतकी वर्षं?

पोराची आजी ऐंशीच्या घरातली. ओळख सांगितल्यावर तिनं पोतं झटकून अंथरलं. काळा चहा केला, स्टीलच्या पेल्यात दिला. आणि विठ्ठला, तुझं नाव घेऊन कबूल करतो, पेला हातात असताना मी थांबलो. क्षणभरच. पण तिनं ते पाहिलं. असं थांबणं आयुष्यभर पाहिलेल्या माणसाला ते लगेच कळतं. ती काही बोलली नाही, नजर चुलीकडे वळवली, मला लाज वाटू नये म्हणून. तेव्हा मी प्यालो. गूळ घातलेला होता.

ती सांगत राहिली. तिच्या बापाला हजेरी होती. दिवस उगवायच्या आत चौकीवर जायचं, नाव घेतलं की ‘हजर’ म्हणायचं. ताप असला तरी. तिच्या जन्माच्या दिवशीही तो हजेरी देऊन मग तिला बघायला आला होता. आणि मग एकदम, जणू सगळ्याचं उत्तरच ते, म्हणाली, “पोराला सही येती सायेब. आश्रमशाळेत शिकला. आमच्यात त्यो पयला.” पेटीतून वही काढली. मागच्या पानावर त्यानं आपलं नाव लिहून लिहून सराव केला होता, पान भरून. र ची शेपटी लांब ओढलेली.

आता मी त्याला ओळखतो. ‘होय’ म्हटलं तर खोटं होणार नाही ना, देवा?

तरी भीती आहे. लपवून काय करू? पोरगा तारखेला आला नाही तर? वीस हजार माझ्यावर. मुलगा संध्याकाळी म्हणाला, “बाबा, या वयात हे काय आरंभलंत? गावात काय म्हणतील?” मी गप्प बसलो. कारण पोटात तेच चाललं होतं. ‘त्यांच्याशिवाय कोण’ म्हणणारा तो माणूस अजून माझ्यात आहे. रात्री अकरापासून तो मला सांगतोय, की तुझंच नुकसान होईल बघ. त्याला बाहेर काढायला मी समर्थ नाही. तो बोलत असताना माझा हात सहीला पुढे जाऊ दे, एवढंच माग‌तो.

तू हे काम केलंयस. म्हणून तुझ्याकडे आलो. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात कोठारं उघडली, बादशहाचा हुकूम सुटला, त्यांना बेड्या घालून बिदरला चालवलं. आणि तू विठू महार झालास. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, पैशाची थैली घेऊन दरबारात जोहार घालत उभा राहिलास. रक्कम भरलीस, पावती घेतलीस, निघून गेलास. ज्या जातीला तुझ्या देवळात पाऊल टाकता येत नव्हतं तिचं रूप घेऊन तू जामीन राहिलास. तेव्हा तुला लोक काय म्हणतील असं वाटलं नाही. घोंगडी टोचली नाही.

त्या घोंगडीचा एक धागा मला दे.

आणि कृष्ण होऊन तू तुरुंगातच जन्मलास, हे आम्ही दर अष्टमीला गातो आणि सकाळी विसरतो. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा कैद्यांपुढे तुझी गीता सांगत होते आणि साने गुरुजी ती उतरवून घेत होते, तेव्हाही तू त्या भिंतीआड होतास. मग आजही असशील. सव्वीस रात्री त्या पोराच्या शेजारी असशील, जिथे कूस बदलायला जागा नाही तिथे. त्याला सांग, उद्या. आणि उद्या हा शब्द माझ्या रोजनाम्यातल्यासारखा निघू देऊ नकोस.

ज्या फौजदाराच्या मनात संशय आला, त्याला पुरावा शोधायची चिकाटी दे. न्यायासनावरच्या माणसाला फाइलीखालचं तोंड दिसू दे. आज माझ्या खुर्चीवर जो बसतो, त्याला डबा उघडण्याआधी एक वाक्य बोलायची बुद्धी दे. ज्याच्या घरात चोरी झाली त्याला त्याचा खरा चोर मिळू दे, आणि त्या चोरालाही माणूस म्हणून परत यायला वाट असू दे. कडुनिंबाखालच्या त्या बाईला, ती कुठे असेल तिथे, माझं न बोललेलं वाक्य पोचव. उशीर झालाय, पण पोचव. आणि त्या तीन पुरुषांना, ज्यांचं कालवण चुलीवर राहिलं. त्यांच्यासाठी काय मागू तेच मला कळत नाही. तू समजून घे.

मला क्षमा कर असं म्हणत होतो. आता ते मागे ठेवतो. आधी त्याला सोडव.

कागद कमी पडू देऊ नकोस. साहेबांना रजेवर जाऊ देऊ नकोस. सुटकेचा आदेश पाचच्या आत जेलच्या पेटीत पडू दे. उद्या त्या भिंतीपाशी उभा राहीन तेव्हा माझे पाय थरथरू देऊ नकोस. आणि त्या पोराला जातमुचलक्यावर सही करायला चांगला बॉलपेन मिळू दे. र ची शेपटी लांब ओढायला कागदावर जागा असू दे.

सव्वासातची एस.टी. आहे, विठ्ठला. मला साडेपाचला उठव.